आजोबांच्या ट्रंकेतील जर्मन नोटा: नगरपालिकांनी छापलेला पैसा कसा वाचावा

आपण पाठवलेली चारही छायाचित्रे मोठी करून नीट पाहिली. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९२० च्या दशकात शिक्षणासाठी जर्मनीत राहून आलेल्या आजोबांच्या ट्रंकेत चार कागदी नोटा निघाल्या, त्यांपैकी दोन बँकेच्या वाटतात, पण उरलेल्या दोहोंवर शहराचे नाव आणि नगराध्यक्षाची सही आहे, तेव्हा नगरपालिकेला नोटा छापण्याचा अधिकार कसा मिळाला, या नोटा खऱ्या आहेत का, आणि आज त्यांची किंमत काय होईल. बहुतेक लोक किमतीचा प्रश्न आधी विचारतात. आपण तो शेवटी विचारला आहे, आणि मीही त्याचे उत्तर शेवटीच देणार आहे, कारण नोट कशासाठी जन्माला आली हे कळल्याशिवाय तिची किंमत सांगता येत नाही. परदेशी कागदी चलन पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि या एका प्रकाराइतका गोंधळ दुसऱ्या कोणत्याही नोटांबद्दल मी पाहिलेला नाही.

गोंधळाची सुरुवात नावापासूनच होते. या नोटांना 'नोटगेल्ड' म्हणतात. यातील 'नोट' म्हणजे आपली चलनी नोट नव्हे. जर्मन भाषेत त्या शब्दाचा अर्थ अडचण, निकड असा आहे, आणि 'गेल्ड' म्हणजे पैसा. अडीनडीचा पैसा असे म्हटले तर अर्थ चपखल बसतो. पण १९१४ ते १९२३ या नऊ-दहा वर्षांत ही नड दर वेळी वेगळी होती, आणि आपल्याकडील दोन नगरपालिकी नोटा दोन अगदी निराळ्या नडींतून आल्या आहेत.

पहिली नड सुट्ट्या पैशांची होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच लोकांनी चांदीची नाणी घरात दडवली, सरकारने १ आणि २ मार्कच्या कागदी नोटा काढल्या खऱ्या, पण त्या गावोगाव पोचेपर्यंत दुकानदार आणि मजूर यांचे व्यवहार अडले, म्हणून काही शहरांनी आणि कारखान्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्या छापल्या. पुढे तांबे आणि निकेल दारूगोळ्याच्या कामी लागले, नाणी जस्ताची आणि लोखंडाची झाली, तीही पुरेनात, तेव्हा ५ फेनिगपासून ५० फेनिगपर्यंतच्या (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क) छोट्या कागदी चिठ्ठ्यांचे पीक आले. हे आपल्याला अगदी परके वाटायला नको. दुसऱ्या महायुद्धात खुर्द्याची टंचाई झाली तेव्हा मोरवी, नवानगर, जुनागढ अशा संस्थानांनी अशीच छोटी 'कॅश कूपन' काढली होती, आणि ती आजही आपल्याकडच्या संग्राहकांच्या हातात येतात. १९१८ च्या शरद ऋतूत युद्ध हरल्याची चाहूल लागताच लोक बँकांतून पैसे काढू लागले, तेव्हा राइशबँकेनेच, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेनेच, शहरांना ५ ते ५० मार्कच्या नोटा काढायला सांगितले. आपल्या चौकडीत या दोन्ही टप्प्यांतील काही नाही, म्हणून तेथे अधिक रेंगाळत नाही.

आता आपली पहिली नोट: रंगीत, पत्त्याएवढी, एका बाजूला लोककथेतील चित्र आणि किंमत ७५ फेनिग. हा आकडाच चुगली करतो. ७५ फेनिगचे नाणे जर्मनीत कधीच नव्हते. ज्याला खरोखर सुट्टे द्यायचे आहेत तो १०, २५, ५० चे आकडे छापतो. १९२० ते १९२२ या काळात लोकांना या चिठ्ठ्या जमवण्याचे वेड लागले होते, आणि नगरपालिकांच्या ते लक्षात आले. एक ७५ फेनिगची चिठ्ठी छापायला त्याच्या काही अंशच खर्च येई. संग्राहक ती पूर्ण किमतीला किंवा त्याहून अधिक देऊन घेई, वहीत चिकटवी, आणि वटवायला कधीच परत आणत नसे. चिठ्ठीवर 'अमुक तारखेपर्यंत वैध' असे छापलेले असे, ती तारीख लवकरच उलटून जाई, आणि सगळी रक्कम नगरपालिकेच्या तिजोरीत राही. म्हणून एकेक शहर सहा-सहा, बारा-बारा नोटांच्या मालिका काढू लागले. हामेल्नने आपला उंदीर पळवणारा बासरीवाला छापला, ब्रेमेनने गाढव-कुत्रा-मांजर-कोंबडा ही आपली गवई मंडळी, एर्फुर्टने मार्टिन ल्यूथर, नाउमबुर्गने आपला चेरीचा उत्सव. उत्तरेकडे १९२० मध्ये श्लेस्विगच्या सीमेसाठी सार्वमत झाले, त्याचे पडसादही नोटांवर आहेत. गमावलेल्या वसाहतींचे रडगाणे आहे. आणि काही गावांच्या नोटांवर ज्यूविरोधी चित्रेही आहेत, ज्यांकडे पाहताना पुढच्या वीस वर्षांची चाहूल लागते. विक्रेते या मालिका 'गोड' म्हणून विकतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

या वेडाचे टोक पाहायचे तर बीलेफेल्ड. हे तागाच्या आणि रेशमाच्या विणकामाचे शहर, आणि तेथील नगर बचत बँकेचे संचालक पाउल हांके यांनी नोटा कागदावर न छापता रेशमावर, तागाच्या कापडावर आणि मखमलीवर छापल्या. काहींना कडेने झालर किंवा वेलबुट्टी आहे. हातात घेतली तर रुमालाची घडी वाटावी. पोस्नेक आणि ओस्टरवीक या ठिकाणी चामड्यावर छापले गेले, माइसनच्या कारखान्याने चिनी मातीची नाणी पाडली. या वस्तू मोहक आहेत, पण त्यांनी कुणाचा पाव विकत घेतला असेल असे मी मानत नाही. अखेर १७ जुलै १९२२ च्या कायद्याने परवानगीशिवाय असा पैसा काढण्यास बंदी घातली गेली, आणि मालिकांचा बाजार संपला. आपली ७५ फेनिगची नोट कोरी करकरीत आहे, तिला घडी नाही, बोटांचा मळ नाही. याचा अर्थ ती चांगली जपली गेली इतकाच नसून, ती कधी चलनात फिरलीच नव्हती.

दुसरी नोट मात्र खऱ्या नडीची आहे. एका बाजूने कोरी, जाड अक्षरांत 'त्सेन मिलिओनेन मार्क', तारीख ऑगस्ट १९२३, खाली नगराध्यक्षाची छापील सही आणि त्यावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का. ही एक कोटी मार्कची नोट आहे. या नोटेपाशी थोडे थांबू.

११ जानेवारी १९२३ रोजी फ्रेंच आणि बेल्जियन सैन्याने ऱ्हूर हा कोळसा-पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला, कारण जर्मनीने युद्धखंडणीचा कोळसा आणि लाकूड वेळेवर दिले नव्हते. जर्मन सरकारने तेथील कामगारांना असहकार करायला सांगितले आणि काम न करणाऱ्यांचे पगार स्वतः भरले. कर पुरेसे गोळा होत नव्हते. तूट भरून काढण्यासाठी सरकार राइशबँकेला हुंड्या देई आणि राइशबँक त्यावर नोटा छापून देई. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२० मार्क पडत. १ ऑगस्ट १९२३ ला सुमारे ११ लाख, सप्टेंबरच्या सुरुवातीला सुमारे एक कोटी, १ ऑक्टोबरला २४ कोटी २० लाख, १ नोव्हेंबरला सुमारे १३,००० कोटी, आणि २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. छापखाने कमी पडत होते असे नाही. बँकेच्या कामाला तीसेक कागद गिरण्या आणि १३३ छापखान्यांतील १,७८३ यंत्रे जुंपलेली होती. पण बर्लिनमध्ये छापलेली नोट रेल्वेने खाणगावात पोचेपर्यंत तिची किंमत उडालेली असे, आणि ऱ्हूरकडे जाणारे नोटांचे गठ्ठे फ्रेंच सैनिक जप्त करत.

अशा वेळी नगरपालिकेच्या खजिनदारासमोर शुक्रवारी सकाळी काय पर्याय होता, याचा विचार करा. सफाई कामगार, शिक्षक, ट्रामवाले दाराशी उभे आहेत, कारखानदारही पगारासाठी रोकड मागत आहेत, आणि राइशबँकेच्या शाखेत नोटा नाहीत. गावातील वर्तमानपत्राचा छापखाना हाताशी असतो. रात्री खिळे जुळवले जातात, शहराचे चिन्ह एखाद्या जुन्या पत्रशीर्षावरून उचलले जाते, कागद मिळेल तो घेतला जातो, दुसरी बाजू छापायला वेळ नसतो, आणि सकाळी कारकून शिक्के मारत बसतात. आपल्या नोटेवरील शिक्का थोडा तिरका आणि एका कडेला फिका आहे. तो कुणीतरी शंभरावा किंवा हजारावा मारलेला आहे. कायद्याने परवानगी लागे आणि तेवढ्या रकमेचे तारण ठेवावे लागे. अनेकांनी दोन्ही केले, अनेकांनी यापैकी काहीच केले नाही. म्हणूनच नोटेवर 'नोट' किंवा 'पैसा' हा शब्द टाळून 'गुटशाइन', म्हणजे पावती किंवा कूपन, असे छापलेले आढळते. १९२२-२३ मध्ये अशा नोटा काढणाऱ्या ठिकाणांची संख्या ५,८०० च्या पुढे जाते. त्यांत शहरे, जिल्हे, बँका, रेल्वे आणि बाडिश अनिलिनसारखे रसायन कारखानेही होते.

आता हिशेब करून पाहा. १ ऑगस्टच्या दराने एक कोटी मार्क म्हणजे सुमारे ९ डॉलर. सप्टेंबरच्या सुरुवातीला तीच नोट एका डॉलरच्या आसपास आली. १ ऑक्टोबरला ती घेऊन कुणी नगरपालिकेच्या खिडकीवर गेले असते तर त्याला ४ सेंटच्या मोलाचे कागद मिळाले असते. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये ९ डॉलरचे काम करून घेतले आणि ऑक्टोबरमध्ये ४ सेंट परत केले. मधला फरक ज्या ज्या हातांत ती नोट रात्रभर राहिली त्या सर्वांनी मिळून भरला. हे बिनव्याजी कर्ज होते असेही म्हणता येणार नाही, कारण कर्ज निदान परत करायचे असते. तरीही नगराध्यक्षांना लबाड ठरवणाऱ्या लेखकांशी मी सहमत नाही. मूळ तूट सरकारची होती आणि मूळ चूक राइशबँकेचे अध्यक्ष रुडोल्फ हावेनश्टाइन यांच्या धोरणात होती. शहरांच्या नोटा महागाईच्या मागे धावत होत्या. फरक एवढाच की राइशबँक आपल्या खिडकीवर या नोटा स्वतःच्या नोटांच्या बरोबरीने स्वीकारत होती, त्यामुळे शरद ऋतूत या धावण्यानेही वणव्याला वारा घातला.

या काळातील काही नोटा केवळ सह्यांसाठी पाहण्याजोग्या आहेत. कोलोन शहराच्या नोटांवर महापौर म्हणून कोनराड आडेनाउअर यांचे नाव येते. हेच गृहस्थ १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले. आणि थुरिंगिया प्रांताच्या ऑगस्ट १९२३ च्या नोटा वाइमारमधील बाउहाउस या कला-शाळेचा विद्यार्थी हर्बर्ट बायर याने आखल्या: राजे नाहीत, वेलबुट्टी नाही, फक्त मोठा आकडा आणि जाड रेषा. कला म्हणून त्यांचे कौतुक पुष्कळ होते, पण मला त्यांतील व्यवहारज्ञान अधिक आवडते. रोज शून्ये वाढणार असतील तर आकडा लांबून वाचता यावा, हे त्या तरुणाला कळले होते.

शून्यांवरून आठवले. जर्मन 'बिलिओन' म्हणजे इंग्रजीतील बिलियन नव्हे. 'मिलिओन' म्हणजे दहा लाख, 'मिलिआर्ड' म्हणजे शंभर कोटी, आणि 'बिलिओन' म्हणजे एक लाख कोटी. माझ्या पहिल्या संग्रहवहीत मी स्वतः एका नोटेखाली हजारपट कमी किंमत लिहून ठेवली होती आणि ती चूक एका शाळकरी मुलाने दाखवून दिली. आपली तिसरी नोट इथेच येते: १५ डिसेंबर १९२२ तारखेची १,००० मार्कची नोट, जिच्यावर लाल शाईने 'आइने मिलिआर्ड मार्क' असा छाप मारला आहे. ही राइशबँकेची आहे. १९२३ च्या शरद ऋतूत जुन्या साठ्यावर नवा आकडा मारून तिची किंमत एका फटक्यात दहा लाख पट केली गेली. नोव्हेंबरमध्ये बर्लिनमध्ये पावाची किंमत २०० अब्जांच्या घरात होती, म्हणजे एका पावाला अशा सुमारे दोनशे नोटा. चौथी, २१ एप्रिल १९१० तारखेची १,००० मार्कची हिरव्या शिक्क्याची, हीदेखील राइशबँकेची आणि अतिशय सामान्य आहे. तारीख १९१० ची असली तरी अशा नोटा महायुद्धानंतरही त्याच तारखेने छापल्या जात होत्या. तिच्यावर घराची डागडुजी करण्याचे बेत आखू नयेत.

हा प्रकार थांबला कसा, हेही दोन वाक्यांत सांगतो. १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क हे नवे चलन आले, एक रेंटेनमार्क बरोबर एक लाख कोटी कागदी मार्क असे ठरले, राइशबँकेने सरकारी हुंड्यांवर पैसे देणे बंद केले, आणि चलन आयुक्त ह्यालमार शाख्ट यांनी २२ नोव्हेंबरपासून राइशबँक शहरांच्या नोटा स्वीकारणार नाही असे जाहीर केले. ज्या दिवशी खिडकी बंद झाली त्या दिवशी या नोटांचा खेळ संपला. फक्त व्याप्त ऱ्हाईनलँडमध्ये, जिथे रेंटेनमार्क उशिरा पोचला, तिथे त्या काही काळ रेंगाळल्या, आणि कोलोनमधील अधिकारी व व्यापारी शाख्ट यांच्यावर भडकले होते ते यामुळेच.

आता खरेखोटेपणा. आपल्या नोटांच्या छायाचित्रांत मला शंकास्पद काही दिसले नाही, पण छायाचित्रावरून प्रमाणपत्र देणे मी टाळतो. घरी एवढे करा. दुसरी नोट उलटी धरून कोऱ्या बाजूवरून बोटाचे टोक हलके फिरवा; खिळ्यांची छपाई असेल तर अक्षरांचे उठाव जाणवतील. दहापट भिंगातून शाईच्या कडा पाहा: खिळ्यांच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई किंचित दाटलेली असते, आणि आजच्या रंगीत प्रिंटरची प्रत असेल तर चार रंगांचे बारीक ठिपके लगेच उघडे पडतात. अतिनील दिव्याखाली १९२३ चा कागद मंद आणि पिवळसर राहतो. तो निळसर पांढरा उजळला तर कागद दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजावा, कारण कागद पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी रसायने तेव्हाची आहेत. त्या काळी छापखान्यांत उरलेले, क्रमांक वा शिक्का नसलेले तावही पुढे संग्राहकांना विकले गेले. ते बनावट नसले तरी चलनात गेलेले नव्हते, आणि कुणीतरी मागाहून शिक्का मारून त्यांना 'पूर्ण' केल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आपल्या नोटेचा शिक्का कागदाच्या तंतूंत मुरलेला आणि घडीच्या रेषेवर झिजलेला दिसतो, हे चांगले लक्षण आहे: आधी शिक्का, मग घडी.

किमतीबद्दल स्पष्ट बोलतो. मालिका-नोटा अफाट संख्येने छापल्या गेल्या आणि जपल्याही गेल्या. एकट्या नोटेला मोठी किंमत येत नाही, मूळ पाकिटासह पूर्ण मालिका असेल तर गोष्ट वेगळी. १९२३ च्या नोटांत मोठ्या शहरांच्या नोटा विपुल आहेत. किंमत येते ती लहान गावांच्या, लहान कारखान्यांच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९२३ मध्ये सोन्याच्या मार्कमध्ये किंवा डॉलरच्या अंशांत काढलेल्या स्थिर मूल्याच्या नोटांना, कारण त्या लोकांनी खरोखर वटवल्या आणि म्हणून कमी उरल्या. आपल्या दुसऱ्या नोटेवरील गावाचे नाव शिक्क्याखाली झाकले गेले आहे. ते वाचता आले तर या नोटांच्या जर्मन सूचीतील केलर क्रमांक (सूचीकार केलर यांच्या नावाने ओळखला जाणारा) शोधता येईल, आणि त्यानंतरच आकडा सांगण्यात अर्थ आहे. जुनी गॉथिक अक्षरे वाचताना 'एस' आणि 'एफ' यांची गफलत होते, तेवढे सांभाळा.

जपण्याबाबत एकच विनंती, आणि ती माझ्या चुकीतून आली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी अशीच एक मळकी नोट कोमट पाण्यात सोडली. जांभळा शिक्का दोन मिनिटांत पाण्यात उतरला आणि माझ्याकडे राहिला फक्त एक छापील कागद. तेव्हा नोटा धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी आहे. पॉलिएस्टरच्या पाकिटात, अंधारात, पावसाळ्यात भिंतीपासून दूर ठेवा. बाजारातील मऊ पीव्हीसी पाकिटे वापरू नका, काही वर्षांत ती चिकट होतात.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या नोटेच्या कोऱ्या बाजूला, खाली उजवीकडे, पेन्सिलीने काही ओळी लिहिलेल्या आहेत. छायाचित्रात त्या अस्पष्ट आहेत, पण डोक्यावरची सलग रेघ आणि वळणे पाहता ती जर्मन लिपी नसून मोडी असावी. आजोबांच्या पिढीत हिशेब मोडीत लिहिणारे पुष्कळ होते. त्या ओळी 'स्वच्छ' करण्याच्या भानगडीत कृपया पडू नका. मला मोडीतील आकडे वाचता येतात, शब्द लागत नाहीत. आपल्या शहरात मोडीचे जाणकार मिळतील, त्यांना मूळ नोट दाखवा. तो खर्चाचा हिशेब असेल आणि त्यात तारीख निघाली, तर मला जरूर कळवा. ऑगस्टची तारीख असेल तर त्या एक कोटी मार्कांत काय आले ते आपण दोघे मिळून बसवू शकू, आणि ऑक्टोबरची असेल तर आजोबांनी तो कागद हिशेब लिहायलाच का घेतला, तेही कळेल.